व्हॅलेरीची खंजिरी, केमालचा आवाज

१२ सप्टेंबर १९७० हा शनिवार होता. त्या सकाळी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर हॅना-बार्बेरा या कंपनीची एक नवी कार्टून मालिका सुरू झाली. नाव ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’. तीन मुलींचा रॉक बँड, अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचे कपडे, डोक्यावर मांजरीचे कान. जोसी गिटार वाजवायची, मेलडी ड्रम आणि व्हॅलेरी खंजिरी. कार्यक्रमासाठी त्या कुठल्या तरी देशात जायच्या आणि तिथे जग जिंकायला निघालेल्या एखाद्या माथेफिरू शास्त्रज्ञाच्या तावडीत सापडायच्या. मग पळापळ, त्या पळापळीवर एक गाणं, शेवटी खलनायक गजाआड. असे फक्त १६ भाग झाले. १९७२ मध्ये याच मंडळींना अंतराळात पाठवून आणखी १६ भाग काढले गेले आणि मालिका संपली.

एवढ्याशा मालिकेवर लोक आजही जीव टाकतात. शीर्षकगीताचे पहिले सूर वाजले की साठीतले अमेरिकन लहान होतात. आपल्याकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून पाहिली, त्यांच्यातही ही ओढ आहे. मात्र गतकाळाची ओढ मोठी आळशी असते. तिला रंग आठवतात, चाल आठवते, माणसं आठवत नाहीत. म्हणून मला या मालिकेमागच्या माणसांबद्दल लिहायचं आहे. त्यातले दोघे माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहेत. एक पॅट्रिस हॉलोवे, दुसरा केमाल अमीन कासेम.

कार्टूनमध्ये बँड आला कुठून?

साठच्या दशकात अमेरिकेत शनिवारची सकाळ मुलांची झाली होती. आई-वडील झोपलेले, मुलं टीव्हीसमोर, आणि खेळणी व खाऊ विकणाऱ्या कंपन्या त्या मुलांवर डोळा ठेवून. २५ सप्टेंबर १९६५ रोजी एबीसी वाहिनीने ‘द बीटल्स’ ही कार्टून मालिका आणली. हयात असलेल्या खऱ्या माणसांवरची ही पहिली साप्ताहिक कार्टून मालिका. गाणी बीटल्सची खरी होती, संवाद मात्र दुसरेच कलाकार बोलत होते.

पुढची दोन-तीन वर्षं मारधाड करणाऱ्या महानायकांची होती. त्यांच्याविरुद्ध पालकांची कुरकुर वाढत गेली. १९६८ साली बॉस्टन परिसरातल्या काही मातांनी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. पडद्यावरच्या हिंसेकडे समाज निराळ्या नजरेने पाहू लागला. वाहिन्यांना आता हसरं, निरुपद्रवी, गाणंबजावणं करणारं काहीतरी हवं होतं.

१४ सप्टेंबर १९६८ रोजी सीबीएसवर फिल्मेशन कंपनीचा ‘द आर्ची शो’ आला. आर्ची कॉमिक्समधली पोरं आता बँड वाजवू लागली. या बँडचं ‘शुगर, शुगर’ हे गाणं १९६९ च्या शरदात चार आठवडे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं राहिलं आणि बिलबोर्डच्या हिशोबाने त्या वर्षाचं सगळ्यात मोठं गाणं ठरलं. जो बँड अस्तित्वातच नव्हता, त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं. न्याहारीच्या सिरियलच्या खोक्यावर पुठ्ठ्याची तबकडी छापलेली असायची. ती कात्रीने कापून मुलं रेकॉर्ड प्लेअरवर वाजवायची.

कार्टून कंपन्यांना यात दुहेरी फायदा दिसला. एक तर रेकॉर्ड विकली जायची. दुसरं म्हणजे गाण्यामुळे चित्रं वाचायची. टीव्हीच्या कार्टूनला पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. गाणाऱ्या तोंडाची, ड्रमवर पडणाऱ्या काठ्यांची, पळणाऱ्या पायांची तीच चित्रं पुन्हा पुन्हा वापरता येत. गाणं वाजत असताना कोणी मोजत बसत नाही. ‘स्कूबी-डू’ची मूळ कल्पनासुद्धा एका गाणाऱ्या मंडळाची होती, पुढे बँड गळाला आणि भुतं राहिली.

गाणारे कुठे गेले?

आर्चीच्या तोंडून गाणारा माणूस होता रॉन डांटे, सोबत टोनी वाइन. रेकॉर्डवर मात्र ‘द आर्चीज’ एवढंच नाव. मुलांच्या लेखी आर्चीच गात होता. आपल्याला यात नवल वाटू नये. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ गाजलं तेव्हा तबकडीवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं, ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं. आपल्याकडे पुढे पार्श्वगायकांना नाव मिळालं, ते मोठे झाले. अमेरिकन कार्टूनमधले गायक बहुतेक पात्रांच्या मागेच राहिले.

‘जोसी’चा जनकही या विस्मरणातून सुटला नाही. व्यंगचित्रकार डॅन डिकार्लो यांनी हे पात्र आपल्या बायकोवरून बेतलं. तिचं नाव जोसी. मांजरीच्या पोशाखाची कल्पनाही तिने एका समुद्रसफरीत घातलेल्या पोशाखावरून आली. ‘जोसी’चं कॉमिक १९६३ मध्ये निघालं, १९६९ मध्ये त्याला बँडचं रूप मिळालं. या पात्रावरच्या हक्कासाठी डिकार्लो म्हातारपणी कोर्टात गेले आणि हरले. २००१ साली ‘जोसी’वर हॉलिवूडचा चित्रपट आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

व्हॅलेरी कोणत्या रंगाची?

मालिकेच्या गाण्यांचं काम डॅनी जॅन्सन आणि बॉबी यंग यांच्याकडे होतं. त्यांना पडद्यावरच्या तीन मुलींसाठी गाणाऱ्या तीन खऱ्या मुली हव्या होत्या. बऱ्याच जणींना ऐकून त्यांनी तिघी निवडल्या. जोसीसाठी कॅथलीन डॉहर्टी. मेलडीसाठी शेरी मूर. हीच पुढे शेरिल लॅड या नावाने ‘चार्लीज एंजल्स’मध्ये चमकली. आणि व्हॅलेरीसाठी पॅट्रिस हॉलोवे, लॉस एंजेलिसची एकोणीस वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी.

पॅट्रिस नवखी नव्हती. तिची थोरली बहीण ब्रेंडा मोटाउन कंपनीची गायिका होती. ‘यू हॅव मेड मी सो व्हेरी हॅपी’ या गाण्याच्या गीतकारांमध्ये दोघी बहिणींची नावं आहेत. १९६७ मध्ये ते ब्रेंडाने गायलं आणि १९६९ मध्ये ‘ब्लड, स्वेट अँड टीअर्स’ या बँडने ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. म्हणजे कार्टूनच्या दारात उभी असलेली ही मुलगी आधीच एका मोठ्या गाण्याची भागीदार होती.

जॅन्सन यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी. तिघींना घेऊन ते हॅना-बार्बेराकडे गेले, तेव्हा कंपनीने पॅट्रिस बदलायला सांगितलं. तिन्ही मुली गोऱ्या दाखवायचं ठरलं होतं. जॅन्सन यांनी नकार दिला. पॅट्रिस नसेल तर आपणही नाही, असं त्यांनी कळवलं. सुमारे तीन आठवडे ताणाताणी चालली. अखेर कंपनी नमली आणि व्हॅलेरी पडद्यावर कृष्णवर्णीय झाली.

दक्षिणेत शाळांमधलं वर्णविभाजन अजून पुरतं मोडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. ‘ज्युलिया’ या १९६८ च्या मालिकेत डायहान कॅरोल नर्सच्या मुख्य भूमिकेत आली, तेव्हा ती बातमी झाली होती. कार्टूनमध्ये १९६९ च्या ‘हार्डी बॉइज’च्या बँडमध्ये पीट जोन्स हा कृष्णवर्णीय मुलगा येऊन गेला होता. पण शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये नियमित दिसणारी पहिली कृष्णवर्णीय मुलगी म्हणून व्हॅलेरीचंच नाव घेतलं जातं. योगायोग असा की त्याच दिवशी, त्याच सीबीएसवर, ‘हार्लेम ग्लोबट्रॉटर्स’ हे कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटूंचं कार्टूनही सुरू झालं. पुढच्या वर्षी एबीसीवर ‘द जॅक्सन फाइव्ह’ आलं, त्यात छोटा मायकेल जॅक्सन होता.

व्हॅलेरी नुसती दिसते म्हणून मला तिचं मोल वाटत नाही. ती तिथे काय करते, ते महत्त्वाचं आहे. बँडमधली सगळ्यात हुशार तीच आहे. बंद पडलेलं यंत्र ती दुरुस्त करते, कुलूप उघडते, खलनायकाच्या यंत्राची खोड ओळखते. मेलडी भाबडी, अलेक्झांडर भित्रा, त्याची बहीण अलेक्झांड्रा जळकुकडी. शहाणपण व्हॅलेरीच्या वाट्याला आलं. तिच्या रंगावर कोणी भाष्य करत नाही, तिला कोणी सहानुभूती दाखवत नाही आणि आपल्या समाजाबद्दल तिला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. ती पाना हातात घेते आणि कामाला लागते.

यातलंही अर्धवटपण सांगायला हवं. व्हॅलेरीचे संवाद पॅट्रिसने म्हटले नाहीत, ते दुसऱ्या अभिनेत्रीचे आहेत. पॅट्रिसचा आवाज गाण्यापुरता. कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या रेकॉर्ड ‘शुगर, शुगर’सारख्या चालल्या नाहीत. २००६ मध्ये पॅट्रिस वारली. शिवाय ज्या मालिकेने व्हॅलेरीला मान दिला, तिच्याच एका भागाचं नाव ‘ऑल वाँग इन हाँगकाँग’ असं आहे. चिनी आडनावाची चेष्टा हाच त्यातला विनोद. एका दारातून एक समाज आत आला म्हणून बाकीच्यांसाठी दार उघडलं असं होत नाही. एकाला माणूस केल्यावरही दुसऱ्याची टवाळी बिनदिक्कत चालू राहते.

केमाल अमीनचं नाव

आता त्या भित्र्या अलेक्झांडरकडे वळू. अलेक्झांडर कॅबट तिसरा, बँडचा मॅनेजर. कॅबट हे बॉस्टनच्या जुन्या धनाढ्य गोऱ्या घराण्यांपैकी एक नाव. या खानदानी गोऱ्याला आवाज देत होता केसी कासेम. त्याचं खरं नाव केमाल अमीन कासेम. १९३२ साली डेट्रॉइटमध्ये, लेबनॉनमधून आलेल्या एका द्रुझ कुटुंबात जन्मलेला, किराणा दुकानदाराचा मुलगा. द्रुझ हा वेगळा पंथ आहे. केसीला मुसलमान म्हणून आपल्या खात्यात जमा करण्याची मला घाई नाही. तो अरब होता आणि ते त्याने कधी लपवलं नाही. एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

‘केमाल’चा ‘केसी’ झाला, हे त्या काळाला धरून होतं. पण आवाज त्याचा स्वतःचा होता. ‘स्कूबी-डू’मधल्या घाबरट शॅगीचा तो थरथरता सूर त्याचाच. १९७० च्या ४ जुलैला, ‘जोसी’च्या दोन महिने आधी, ‘अमेरिकन टॉप फॉर्टी’ हा त्याचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. आठवड्याची ४० गाणी चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत उलट्या क्रमाने वाजवायची आणि मधे गाण्यांच्या कहाण्या सांगायच्या. देशभरच्या घराघरांत हा आवाज पोहोचला. ज्या देशाला अरब माणूस टीव्हीवर तेलाचा शेख किंवा दहशतवादी म्हणूनच ठाऊक होता, त्या देशाची मुलं दर शनिवारी एका अरबाच्या आवाजावर खदखदून हसत होती. त्यांना याचा पत्ताही नव्हता.

१९८० च्या दशकात केसी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या कार्टूनमध्ये आवाज देत होता. एका भागाच्या संहितेत वाळवंटातला एक देश होता, नाव ‘कारबॉम्बिया’. म्हणजे मोटारीत बॉम्ब लावणाऱ्यांचा देश. त्याच्या वेशीवरच्या फलकावर माणसं ४ हजार आणि उंट १० हजार. राजाचं नाव अब्दुल. केसीने १९९० मध्ये लिहिलेल्या लेखात हा प्रसंग सांगितला आहे. या संहितेत एखादा चांगला अरब आहे का, असं त्याने दिग्दर्शकाला विचारलं. शोधल्यावर आणखी एक अरब सापडला, तोही अब्दुलच्याच माळेतला. केसीने सांगितलं की हे काम माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही, आणि मालिका सोडली. तो भाग १९८६ मध्ये दाखवला गेला.

या नकाराचं मोल समजण्यासाठी ‘अब्दुल’ या नावाकडे बघा. अरबीत ते पूर्ण नाव नाहीच. ‘अब्द’ म्हणजे बंदा, ‘अब्दुल’ म्हणजे ‘अमक्याचा बंदा’. पुढे अल्लाहच्या ९९ नावांपैकी एक आल्याशिवाय अर्थ लागत नाही. अब्दुल करीम, अब्दुल रहमान, अब्दुल कादर. ज्यांनी तो राजा लिहिला, त्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. विचारायची गरज वाटली नाही, इतकंच. आणि आज समाजमाध्यमांवर आपल्या देशातल्या मुसलमानाला हिणवायला कोणतं नाव वापरतात? तेच, अर्धं. ‘अब्दुल’. सोबत पंक्चरचं दुकान. चाळीस वर्षं आणि दोन महासागर ओलांडूनही टवाळीला नवं नाव सुचलं नाही.

जॅक शाहीन हे लेबनॉनी वंशाचे अमेरिकन प्राध्यापक. टीव्हीवरच्या अरबांचा अभ्यास त्यांनी घरातल्या मुलांमुळे सुरू केला. सत्तरच्या दशकात त्यांची मुलं कार्टून बघता बघता सांगत आली की टीव्हीवर वाईट अरब दाखवताहेत. तिथून १९८४ चं ‘द टीव्ही अरब’ आणि २००१ चं ‘रील बॅड अरब्ज’ ही पुस्तकं निघाली. डिस्नीच्या ‘अल्लादीन’च्या पहिल्या गाण्यात अरबांविषयी अपमानास्पद ओळी होत्या. अरब-अमेरिकन संघटनांनी आवाज उठवला आणि १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत त्यातल्या काही बदलल्या गेल्या. मोठं यश म्हणता येणार नाही. पण बोललं तर काहीतरी हलतं, एवढं त्यातून कळतं.

आपला यात काय संबंध?

कार्टून नेटवर्क १९९५ साली भारतात आलं. दिवसभर कार्टून आणि रात्री त्याच जागी टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट. हॅना-बार्बेराचा साठा तोवर पंचवीस-तीस वर्षांचा झाला होता. अमेरिकेत जे म्हातारं होत होतं, ते आपल्याकडे कोरं करकरीत म्हणून उतरलं. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरी केबल, त्या घरी दुपारी चपलांचा ढीग. इंग्रजी कोणाला फारशी कळायची नाही. शॅगी पळाला की हसायचं, एवढं पुरे होतं.

त्याच टीव्हीवर आणि त्याच वर्षांत हिंदी सिनेमा आम्हाला आमचे चेहरे दाखवत होता. १९९२ चा ‘रोजा’, १९९९ चा ‘सरफरोश’. नमाज पढणारा माणूस पडद्यावर आला की पुढे काय होणार, याचा अंदाज पोरांनाही यायचा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधलं मुंबईचं रक्त अजून वाळलं नव्हतं. अशा वेळी एका अरबाचा आवाज आमच्या घरात येऊन आम्हाला निखळ हसवून जात होता, ही गोष्ट आज कळते तेव्हा बरं वाटतं आणि थोडं दुखतंही.

मराठीत या प्रतिमेविषयी बोलणं नवं नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे हीच तळमळ होती. आपलं जगणं आपण मराठीत लिहू, दुसऱ्यांनी रंगवलेल्या शेरवानीत मावायचं नाकारू. कादंबरी, कविता, वैचारिक लेखन यात त्यानंतर पुष्कळ काम झालं. मुलांसाठी मात्र आपण फार थोडं लिहिलं. मराठी बालकथेतला मुसलमान मुलगा बहुधा ईदच्या दिवशी उगवतो, मित्रांना शीरखुर्मा देतो, एकात्मतेचं एक वाक्य बोलतो आणि वर्षभरासाठी अंतर्धान पावतो. हेतू चांगला असतो. पण तो मुलगा सायकलची चेन बसवत नाही, गणितात अडत नाही, हरवलेल्या कुत्र्याचा छडा लावत नाही. व्हॅलेरीला जे १९७० मध्ये मिळालं, ते त्याला अजून मिळायचं आहे. त्याला शीरखुर्म्याशिवाय दुसरं काही काम द्या.

ते देण्यासाठी तीन प्रकारची माणसं लागतात, हे या जुन्या कार्टूनच्या इतिहासातून दिसतं. पहिली, पॅट्रिससारखी, ज्यांच्याकडे नाकारता येणार नाही असा सूर आहे. दुसरी, जॅन्सनसारखी, ज्यांचा त्या समाजाशी रक्ताचा संबंध नाही, पण जी आपलं काम पणाला लावून अडून बसतात. तिसरी, केमालसारखी, आत पोहोचलेली, नाव आणि पैसा कमावलेली, तरी एका संहितेपाशी थांबून ‘यात एखादा चांगला माणूस आहे का’ असं विचारणारी. आपल्याकडे मनोरंजनाच्या धंद्यात आपली माणसं कमी नाहीत. हा तिसरा प्रश्न विचारणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ताडून पाहावं.

केसी कासेमने २०१४ मध्ये या जगाचा निरोप घेतला. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, ‘रिव्हरडेल’ या मालिकेत आर्चीच्या गावातला तो बँड पुन्हा पडद्यावर आला. कान तेच, नाव तेच. या वेळी व्हॅलेरीच नव्हे, तिन्ही मुली कृष्णवर्णीय होत्या. जोसीसुद्धा. ज्या कंपनीला तिघींत एकही नको होती, तिथून इथवर यायला ४७ वर्षं लागली. सुरुवात मात्र तीन आठवड्यांच्या एका हट्टातून झाली होती.